म्हातारपणी कॅन्सर हळू वाढतो म्हणतात, त्याचा आणि रक्तवाहिन्यांचा खरंच संबंध आहे का? (फुप्फुसाचा कॅन्सर)

निवांत_नाही

मंडळी, थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. बाबा ७४ वर्षांचे, दीड महिन्यापूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं, केमोचे दोन डोस झालेत. ऑफिसमधल्या एकीच्या बहिणीला हाच आजार आहे, ती ४६ ची, तिला केमोसोबत बेव्हासिझुमॅब नावाचं औषध सलाइनमधून देतायत, ते म्हणे गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची वाढ थांबवतं. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं की आम्हाला का नाही, तर ते घाईत होते, "यांना नको ते" एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटची फाईल उघडली.

घरी आल्यावर काका म्हणाले, अरे म्हातारपणी कॅन्सर हळूच वाढतो, अंगातच रक्त कमी फिरतं तर गाठीला कुठून मिळणार, मग ते औषध द्यायचं कशाला. ऐकायला एकदम पटतं. पण काकांचं सगळंच ऐकायला पटतं हा आमच्या घरातला जुना प्रॉब्लेम आहे.

तर विचारायचं हे की वय जास्त असेल तर ट्यूमरमधे रक्तवाहिन्या खरंच कमी असतात का? आणि औषध न देण्याचं कारण तेच असेल का? उपचाराचा सल्ला मागत नाहीये, फक्त डॉक्टरांकडे परत जाईन तेव्हा नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून.

वाचनमात्र

काळजी घ्या बाबांची. आमच्याकडेही सगळे हेच म्हणतात, म्हाताऱ्या माणसाचा कॅन्सर गरीब असतो. माझ्या आजोबांच्या बाबतीत तसं काही झालं नाही, चार महिन्यांत सगळं आटोपलं. वाचतेय धागा.

शंकासुर

काका अर्धे बरोबर आहेत, आणि त्यांचा तो अर्धा भाग चक्क लॅबमधे दिसलेला आहे. पण आधी मूळ गोष्ट सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.

१९७१ मधे जूडा फोकमन नावाच्या सर्जनने मांडलं की गाठ स्वतःसाठी नवीन रक्तवाहिन्या ओढून घेते, आणि ते जमलं नाही तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून पेशीपर्यंत नुसता झिरपत जातो आणि तो फार लांब झिरपत नाही. तेव्हा लोकांनी त्याला फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग १९८३ मधे ड्वोरॅक यांच्या गटाला गाठीतून सुटणारं एक प्रोटीन सापडलं, त्याने वाहिन्या गळक्या व्हायच्या, आणि १९८९ मधे फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारं प्रोटीन वेगळं काढलं, त्याला व्हीईजीएफ म्हणतात. पुढे कळलं की दोन्ही एकच. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की पेशींमधे एचआयएफ-१ नावाचा स्विच चालू होतो, तो व्हीईजीएफ बनवायला लावतो आणि शेजारच्या वाहिनीला फांद्या फुटायला लागतात. बेव्हासिझुमॅब या व्हीईजीएफलाच पकडून ठेवतं.

आता वय. १९९९ मधे म्हातारे आणि तरुण ससे (उंदीरही) घेऊन मागच्या पायाची मोठी रोहिणी बंद केली आणि बघितलं की आजूबाजूला नवीन वाहिन्या किती फुटतात. म्हाताऱ्यांमधे स्पष्ट कमी. व्हीईजीएफही कमी बनत होतं, आणि ते बाहेरून दिल्यावर म्हाताऱ्यांमधेही वाहिन्या फुटल्या, म्हणजे यंत्र शाबूत आहे पण हुकूमच हळू आवाजात येतोय. वयस्कर माणसाची जखम भरायला वेळ लागतो त्यामागेही हे एक कारण आहे. आणि १९९४ च्या एका प्रयोगात म्हाताऱ्या उंदरांमधे गाठी हळू वाढल्या आणि त्यामागे वाहिन्यांचाच फरक दिसला. तर काकांना हे सांगा, खुश होतील.

टवाळ

म्हणजे म्हातारं होणं हाच उपचार. बरंय, आपण सगळे घेतोच आहोत.

निवांत_नाही

@टवाळ, बाबांना वाचून दाखवलं, हसले :)

@शंकासुर, म्हणजे काका बरोबर? मग अर्धेच का म्हणालात?

शंकासुर

कारण प्रयोगात जी गाठ असते ती टोचलेली असते. तरुण उंदीर आणि म्हातारा उंदीर, दोघांना त्याच दिवशी त्याच पेशी, तेवढ्याच टोचायच्या आणि मग मोजत बसायचं. माणसात तसं नसतं ना, ७४ व्या वर्षी सापडलेली गाठ ही ६० व्या की ६५ व्या वर्षी कधीतरी सुरू झालेली असते, इतकी वर्षं तिने त्याच शरीरात वाहिन्या मिळवायचे मार्ग शोधलेले असतात, जिला ते जमलं नाही ती स्कॅनवर येतच नाही. जी आली ती पास झालेली. त्यामुळे वय वाढलं तर गाठ उपाशी हे गणित जी गाठ आधीच दिसतेय तिला लावता येत नाही.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजीत आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावूनच असते, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी हे "वाहिन्या किती" कसं मोजतात ते बघा. गाठीचा केसापेक्षा बारीक काप काचेवर घ्यायचा, त्यावर वाहिनीचं अस्तर ओळखणारा सीडी३४ किंवा सीडी३१ चा स्टेन (रंग) करायचा, वाहिनीच्या अस्तराच्या पेशी तपकिरी दिसतात आणि बाकी सगळं निळसर. मग कमी पॉवरवर फिरत फिरत जिथे तपकिरी ठिपके जास्त दाटलेत ती जागा शोधायची, तिला हॉटस्पॉट म्हणतात, आणि तिथे पॉवर वाढवून मोजायचं. नियम असा की एकटी तपकिरी पेशी दिसली तरी ती एक वाहिनी धरायची, आत पोकळी दिसलीच पाहिजे असं नाही. आता मला सांगा, एक वाहिनी वाकडी जाऊन कापात दोनदा आली तर एक की दोन? हॉटस्पॉट मी हा निवडला, शेजारच्या टेबलवरच्या मॅडमनी तो निवडला. आम्ही दोघींनी एकच काचपट्टी मोजून वेगवेगळे आकडे काढलेत आणि दोघी आपापल्या जागी बरोबर होतो.

त्यामुळे या आकड्यावर जी उत्तरं उभी आहेत ती तशीच डगमगती आहेत. २००२ मधे आधी छापून आलेले बरेच अभ्यास एकत्र करून सांगितलं गेलं की फुप्फुसाच्या कॅन्सरमधे वाहिन्या जास्त तर पेशंटचं पुढचं वाईट. मग २००७ मधे वेगवेगळ्या सेंटरमधल्या ऑपरेशन झालेल्या ३ हजारांच्या वर पेशंटचा एकेकाचा मूळ डेटा मागवून परत हिशेब केला, तर तो संबंध उरलाच नाही! छापून येतं ते बऱ्याचदा उठून दिसणारं असतं, साधे निकाल ड्रॉवरमधे पडून राहतात. वाहिन्यांच्या संख्येचा पेशंटच्या जगण्याशी संबंध लावताना ही अवस्था, तर वयाशी लावायचा म्हणजे बघा. मला तरी फॉर्मवरचं वय वाचून काचेवर वाहिन्या किती दिसतील याचा अंदाज आजवर करता आलेला नाही.

आणि फुप्फुसाची तर गंमतच वेगळी आहे. हा अवयव म्हणजे मुळातच केशवाहिन्यांचं जाळं, प्रत्येक वायुकोशाच्या भिंतीत रक्त. १९९७ मधे पेझेला यांच्या गटाने ५०० गाठी तपासल्या त्यात साधारण १६ टक्क्यांत नवीन वाहिन्या फुटल्याची खूणच नव्हती. कॅन्सरच्या पेशी वायुकोशांत भरत गेल्या होत्या आणि भिंतींमधल्या आयत्या वाहिन्या वापरत होत्या. तयार घरात भाडं न भरता राहायला आल्यासारखं. अशा गाठीला वाहिन्या फुटायची गरजच नाही, तर शरीर म्हातारं असो की तरुण, तिला काय फरक पडतो.

@निवांत_नाही, बायोप्सीचा रिपोर्ट हाताशी आहे का? त्यात निदानाच्या ओळीत काय लिहिलंय ते टाका, नाव-गाव काही टाकू नका. मला एक शंका आहे.

हिशेबी

काचपट्टी यांचा प्रतिसाद आवडला, ड्रॉवरचं तर शंभर टक्के.

पण औषधाच्या बाजूने बघितलं तर वयाचा परिणाम दिसतो हे मान्य करायला लागेल. बेव्हासिझुमॅबला फुप्फुसासाठी अमेरिकेत २००६ मधे मंजुरी मिळाली ती ज्या ट्रायलवर (पेशंटांवरच्या चाचणीवर), त्यात ८७८ पेशंट होते, नुसत्या केमोवर मधला जगण्याचा काळ १०.३ महिने आणि औषध घालून १२.३. ठीक. मग २००८ मधे त्यातलेच वय ७० आणि त्यापुढचे असे २२४ जण वेगळे काढून बघितले, तर औषधासह ११.३ आणि औषधाविना १२.१, म्हणजे फायदा गायब. आणि गंभीर त्रास ६१ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर. नंतरचं रॅम्युसिरुमॅब, जे व्हीईजीएफ पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर (खाचेत) बसतं तिथेच जाऊन बसतं, त्याच्या २०१४ च्या ट्रायलमधेही ६५ च्या पुढे फायदा दिसेनासा झाला, युरोपातल्या माहितीपत्रकात तशी सूचनाच आहे.

दोन वेगवेगळी औषधं, रस्ता एकच आणि दोन्हीत वयाबरोबर फायदा घसरतो. हा योगायोग म्हणायचा?

शंकासुर

योगायोग नसेल पण त्याचा अर्थ "म्हाताऱ्यांच्या गाठीत वाहिन्या कमी" असा होत नाही. ट्रायल संपल्यावर पाडलेले तुकडे आहेत हे, २२४ मधे दोन गट केले की प्रत्येकी शंभर-सव्वाशे उरतात, त्यात ०.८ महिन्याचा फरक इकडचा तिकडे व्हायला वेळ लागत नाही. आणि २०१० मधे दोन हजारांच्या वर पेशंटचा एक मोठा अभ्यास आला, त्यात ६५ च्या वरच्यांना औषध बऱ्यापैकी सोसलं आणि निकालही तरुणांच्या आसपास होते. तिथे तुलनेला औषधाविनाचा गट नव्हता हे खरं.

अजून एक, फायदा कमी दिसला तो औषध गाठीवर चाललं नाही म्हणून की त्रास होऊन मधेच बंद करावं लागलं म्हणून, हे त्या आकड्यातून कळत नाही.

हिशेबी

हे शेवटचं मान्य. पहिलं नाही. तुम्ही म्हणता तुकडे लहान आहेत, बरोबर, पण मग मोठे तुकडे मिळत का नाहीत? कारण ट्रायलमधे वयस्कर पेशंट घेतच नाहीत नीट. ज्या आजारात निम्म्याहून जास्त लोक निदानाच्या वेळी ६५ च्या पुढचे असतात त्या आजाराच्या ट्रायलमधे ७० च्या पुढचे चौथा हिस्सा. आणि जे घेतात ते निवडून निवडून धडधाकट, जिने चढून येणारे. मग खऱ्या ओपीडीत दोन काठ्या आणि सात गोळ्या असलेला पेशंट येतो आणि डॉक्टरकडे त्याच्यासाठी आकडाच नसतो. मला राग या गोष्टीचा आहे, वाहिन्यांचं काय ते होईल.

अनुताई

तुमची आकडेमोड चालू दे, मी जे डोळ्यांनी बघितलं ते सांगते. आमच्या ह्यांना ६८ व्या वर्षी हे औषध चालू होतं, दर २१ दिवसांनी. औषध चढायच्या आधी नर्स लघवीच्या कपात पट्टी बुडवून रंग बघायची, प्रोटीन जातंय का म्हणून, किडनीतल्या बारीक वाहिन्यांनाही व्हीईजीएफ लागतं असं तिने सांगितलं होतं. मग बीपी. तिसऱ्या डोसनंतर ह्यांचं बीपी वरचं १७० ला गेलं, आधी आयुष्यात कधी गोळी नव्हती. मी घरी मशीन आणलं आणि वहीत लिहायला लागले, सकाळी आणि झोपताना. नाकातून रक्ताची रेघ यायची, उशीच्या अभ्र्यावर डाग दिसायचे, फार नाही पण दिसला की माझंच बीपी वाढायचं. मधे दात काढायचा होता तर डॉक्टर म्हणाले आत्ता नाही, जखम भरणार नाही.

हे सगळं तरुणांनाही होतं पण आमच्या वयात आधीच वाहिन्या कडक झालेल्या असतात, त्यात हृदयाचं किंवा पॅरालिसिसचं काही होऊन गेलेलं असेल तर रिस्क बरीच वाढते असं आम्हाला बसवून समजावलं होतं. ह्यांना तसलं काही नव्हतं म्हणून दिलं. नऊ महिने घेतलं. बरे होते त्या काळात, हे पण सांगते.

निवांत, तुझ्या डॉक्टरांनी तुला समजावलं नाही हे चुकलंच त्यांचं. पुढच्या वेळी कागदावर लिहून ने आणि उभं राहून विचारू नकोस, खुर्ची ओढून बस, मग उत्तर मिळतं.

शंकासुर

अनुताईंनी लाखातलं सांगितलं. ६५ च्या पुढे आणि आधी हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक होऊन गेलेला असेल तर या औषधाने रोहिणीत गुठळी होण्याचा धोका वाढतो हे नीट नोंदलेलं आहे. व्हीईजीएफ फक्त गाठीसाठी नसतंच, रोजच्या रोज सगळ्या वाहिन्यांचं अस्तर त्यावर टिकून असतं. तरुण वाहिनीला थोडे दिवस उपास घडला तरी चालतो, जुनीला चालत नाही. वयाचा खरा हिशेब मला तरी इथे दिसतो, गाठीत नाही.

हिशेबी

गाठीतही आहे, थांबा. मेलानोमामधे, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमधे, २०१६ मधे दिसलं की म्हाताऱ्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट (त्वचेचा आधार विणणाऱ्या) पेशी एसएफआरपी२ नावाचं प्रोटीन जास्त सोडतात आणि त्याने गाठीला वाहिन्याही मिळतात आणि ती पसरतेही जास्त. पुढे २०२० मधे त्याच लोकांनी दाखवलं की वय वाढलं की व्हीईजीएफ कमी आणि हे दुसरं जास्त, म्हणजे वाहिन्या फुटतातच पण दुसऱ्याच दाराने, मग व्हीईजीएफचं दार बंद करून काय होणार? बेव्हासिझुमॅब दिलेल्या मेलानोमाच्या वयस्कर पेशंटांत फायदा तरुणांपेक्षा कमी दिसला तो याच्याशी जुळतो.

आणि काकांच्या "हळू वाढतो" वर तर फारच बोचरं निघालं, म्हाताऱ्या उंदरांत त्वचेवरची मूळ गाठ खरंच हळू वाढते पण फुप्फुसात मात्र तीच जास्त पसरते. २०२२ मधे आलं की म्हाताऱ्या फुप्फुसात तिथे जाऊन झोपलेल्या पेशींना जागं करणारं वातावरण असतं.

काचपट्टी

छान काम आहे ते पण मेलानोमाचं आहे, फुप्फुसात येऊन बसलेल्या मेलानोमाचं. फुप्फुसात जन्मलेल्या कॅन्सरला जसंच्या तसं लावू नका. शिवाय फुप्फुसात वयाबरोबर अजून एक घोळ असतो: तरुण पेशंटांत ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा प्रकार) जास्त, त्यात एएलके, आरओएस१ असले जनुकांतले बदल जास्त सापडतात, आणि वयस्करांत सिगारेटची पन्नास वर्षं, जुना दमा-सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट श्वासरोग), स्क्वॅमस म्हणजे चपट्या पेशींचा प्रकार. म्हणजे ४६ आणि ७४ ची तुलना करताना आपण वयाची तुलना करतच नसतो, दोन वेगळ्या आजारांची करत असतो आणि नाव एकच असतं.

निवांत_नाही, रिपोर्ट?

निवांत_नाही

सॉरी उशीर झाला, फाईल शोधत होतो. रिपोर्टमधे असं आहे: "नॉन स्मॉल सेल कार्सिनोमा, पी४० पॉझिटिव्ह, टीटीएफ-१ निगेटिव्ह". खाली अजून बरंच आहे पण ते कळत नाही. आधी मी फक्त "नॉन स्मॉल सेल" एवढंच वाचलं होतं, ऑफिसमधलीच्या बहिणीचंही तेच आहे म्हणून मला वाटलं सेम.

काचपट्टी

हीच शंका होती. पी४० आणि टीटीएफ-१ या पेशींचा प्रकार ओळखायच्या खुणा, पी४० पॉझिटिव्ह आणि टीटीएफ-१ निगेटिव्ह म्हणजे स्क्वॅमस. नॉन स्मॉल सेल हे मोठं घराणं झालं, स्क्वॅमस आणि ॲडेनो दोघंही त्यातच येतात. बेव्हासिझुमॅब स्क्वॅमसला देत नाहीत. सुरुवातीच्या एका लहान ट्रायलमधे सहा जणांना फुप्फुसातून जोरात रक्तस्राव झाला, चार गेले. स्क्वॅमस प्रकार, गाठ मधोमध मोठ्या वाहिनीला चिकटून, आतून पोखरून पोकळी झालेली, असं चित्र होतं ते. म्हणूनच पुढच्या मोठ्या ट्रायलमधे स्क्वॅमसवाले घेतलेच नाहीत आणि मंजुरीही त्यांना वगळूनच मिळाली.

अंतिम काय ते तुमचे डॉक्टरच सांगतील, पण पहिला प्रश्न हा विचारा. आणि थुंकीत रक्त येतंय का?

निवांत_नाही

हो, कधीतरी सकाळी धाग्याएवढं. केमो सुरू झाल्यापासून कमी आहे.

अनुताई

ते डॉक्टरांना माहिती आहे ना? रोज बघून लिहून ठेव, किती आणि कोणत्या रंगाचं. चमचाभर वाटलं तरी फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

निवांत_नाही

अपडेट. काल जाऊन आलो. अनुताई, खुर्ची ओढून बसलो, खरंच फरक पडला, वीस मिनिटं बोलले. स्कॅन स्क्रीनवर लावून दाखवला, गाठ मधोमध आहे आणि मोठ्या रोहिणीला टेकलेली, बोटाने दाखवलं त्यांनी. रक्ताचं त्यांना माहिती होतं, फाईलमधे लिहिलेलं होतं. मी विचारलं वयामुळे नाही ना दिलं, तर म्हणाले, "बाबा ४६ चे असते तरी मी हे दिलं नसतं." शिवाय तीन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात अर्धा तास लुळा पडला होता, तोही त्यांनी मोजला होता, मीच विसरलो होतो. इम्युनोथेरपीसाठी (शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणारा उपचार) पीडी-एल१ या प्रोटीनची तपासणी त्याच बायोप्सीवर पाठवलीय, आठवड्यात रिपोर्ट येईल.

वयाचं त्यांनी एवढंच सांगितलं की ते जन्मतारीख बघत नाहीत, पेशंट दारातून खुर्चीपर्यंत कसा चालत येतो ते बघतात. बाबा त्या दिवशी मुद्दाम भराभर चालले.

टवाळ

बाबा हुशार आहेत. काकांना सांगितलं का पण?

निवांत_नाही

सांगितलं. स्क्वॅमस, रोहिणी, ससे, उंदीर, सगळं. नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी काय वेगळं म्हणत होतो?"